एकसारखे सूक्ष्म कार्बनकण : रेझिनाच्या मण्यापासून कार्बनच्या मण्यापर्यंत

देवघरातील समईच्या ज्योतीवर पितळेची वाटी उपडी धरली, की थोड्याच वेळात तिच्या आतल्या बाजूस काजळी धरते. ही काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण होत. पूर्वी हीच काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून बोरूने लिहिण्याची शाई तयार करीत आणि तीच तुपात खलून डोळ्यांत घालावयाचे काजळ होई. आज कारखान्यांत खनिज तेल अपुऱ्या हवेत जाळून मोठ्या प्रमाणावर काजळी काढतात व ती टायरच्या रबरात मिसळतात. कार्बनचे सूक्ष्म कण तयार करणे ही अशी फार जुनी व सोपी गोष्ट आहे.

परंतु ही काजळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर वेगळेच चित्र दिसते. तिचे कण गोलसर असले तरी सुटे नसतात. ते एकमेकांना चिकटून त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या व झुपके झालेले असतात. ज्योतीमध्ये कण जन्मतो, वाढतो, दुसऱ्यावर आदळतो आणि त्याला चिकटतो. हे सारे क्षणार्धात घडत असल्यामुळे कणाच्या आकारमानावर ताबा ठेवणे कठीण जाते. ज्या पुडीतील प्रत्येक कण सुटा, गोल आणि शेजारच्या कणाएवढाच आहे अशी कार्बनची पूड हवी असेल, तर ज्योतीचा मार्ग सोडून दुसरा मार्ग धरावा लागतो. प्रथम रेझिनाचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, एकसारखे मणी तयार करावयाचे आणि नंतर ते हवेचा स्पर्श होऊ न देता तापवून त्यांचा कार्बन करावयाचा, असा हा मार्ग आहे. त्यातील पायऱ्या कोणत्या आणि कोणत्या पायरीवर काय साधते, याचा परिचय या लेखात करून दिला आहे.

एकसारखेपणाची गरज

कणांचा व्यास थोडासा बदलला तरी त्यांचे घनफळ बरेच बदलते, कारण गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. एका कणाचा व्यास दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी अधिक असेल, तर त्याचे वस्तुमान सुमारे ३३ टक्क्यांनी अधिक भरते. व्यास दुप्पट असेल, तर वस्तुमान आठपट होते. अशा संमिश्र पुडीत लहान कण आणि मोठे कण एकाच वेगाने तापत नाहीत, एकाच वेगाने वायू शोषत नाहीत आणि द्रवात एकाच वेगाने खाली बसत नाहीत. अशा पुडीवर केलेल्या प्रयोगाचे उत्तर कोणत्या आकारमानाच्या कणाचे आहे, हे सांगता येत नाही. एकसारख्या कणांवर केलेल्या प्रयोगाचे उत्तर मात्र प्रत्येक कणाला लागू पडते.

व्यवहारात सर्व कण तंतोतंत सारखे कधीच नसतात. अनेक कणांचे व्यास मोजून त्यांची सरासरी व प्रमाण विचलन काढतात. प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे ५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या पुडीस सामान्यतः एकसारखी म्हणतात. म्हणजे सरासरी व्यास ५०० नॅनोमीटर असेल, तर प्रमाण विचलन २५ नॅनोमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. ५०० नॅनोमीटर व्यासाचे सुमारे दीडशे मणी एका ओळीत मांडले, तर ती ओळ माणसाच्या केसाच्या जाडीइतकी भरेल. यावरून किती बारीक कामगिरी अपेक्षित आहे याची कल्पना येईल.

लाकूड, साखर आणि रेझीन

कार्बनयुक्त पदार्थ अनेक आहेत. मग रेझीनच का निवडावयाचे? या प्रश्नाचे उत्तर नित्याच्या अनुभवात सापडते. भट्टीतून काढलेला बाभळीच्या ओंडक्याचा कोळसा मोडून पाहिला, तर लाकडाची वर्तुळे आणि रेषा त्यात जशाच्या तशा दिसतात. लाकूड जळाले, आकसले, काळे झाले, परंतु त्याची घडण राहिली. कढईत साखर तापविली, तर ती आधी वितळते, मग तांबूस होते, फसफसून फुगते आणि शेवटी तिचा काळा, पोकळ गोळा होतो. साखरेच्या दाण्यांचा मूळ आकार कोठेच उरत नाही. पॉलिथिनची पिशवी तापविली, तर ती वितळते आणि अखेर वायुरूप होऊन जाते. मागे कार्बन जवळजवळ राहतच नाही.

या तीन उदाहरणांवरून कच्च्या मालाच्या अटी स्पष्ट होतात. पहिली अट अशी की, तो पदार्थ तापविल्यावर वितळता कामा नये. दुसरी अट अशी की, तापविल्यावर त्यातील कार्बनचा पुरेसा भाग मागे उरला पाहिजे. तिसरी अट अशी की, तापविण्यापूर्वी त्याला हवा तो आकार देता आला पाहिजे. लाकूड पहिल्या दोन अटी पुऱ्या करते; परंतु सूक्ष्म आणि एकसारखे गोल लाकडातून मिळत नाहीत. तिन्ही अटी पुऱ्या करणारा पदार्थ म्हणजे उष्मादृढ रेझीन होय.

बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट हे असे रेझीन तयार केले. घराघरांतील विजेची काळी बटणे आणि जुन्या दूरध्वनियंत्रांची आवरणे याच जातीच्या पदार्थाची असत. या रेझिनात लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन केवळ लांब साखळ्याच होतात असे नाही. त्या साखळ्यांमध्ये आडवे बंध निर्माण होऊन सर्व बाजूंनी विणलेले जाळे तयार होते. साखळ्या सुट्या असतील तर उष्णतेने त्या एकमेकींवरून घसरतात आणि पदार्थ वितळतो. जाळे एकदा घट्ट विणले गेले की घसरण्यास वाव उरत नाही. म्हणून असे रेझीन तापविले असता वितळण्याऐवजी जागच्या जागी विघटित होते आणि त्याच्या मूळ वजनाच्या साधारण निम्मा कार्बन मागे राहतो.

या फरकाचा परिणाम तयार होणाऱ्या कार्बनच्या अंतर्रचनेवरही होतो. इंग्लंडच्या शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी पॅरिसमधील प्रयोगशाळेत काम करताना निरनिराळ्या पदार्थांपासून मिळणाऱ्या कार्बनांचा क्ष-किरणांनी अभ्यास केला व आपले निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. तापताना जे पदार्थ मऊ पडतात त्यांच्या कार्बनचे पुढे अत्युच्च तापमानास ग्रॅफाइट होऊ शकते. आडव्या बंधांनी जखडलेल्या पदार्थांचा कार्बन मात्र सुमारे ३,०००° सेल्सिअसपर्यंत तापविला तरी त्याचे खरे ग्रॅफाइट होत नाही. त्यातील कार्बनचे पापुद्रे आखूड, वाकडे आणि अस्ताव्यस्त राहतात व त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात. या दुसऱ्या प्रकारास कठीण कार्बन असे म्हणतात. रेझिनाच्या मण्यांपासून होणारा कार्बन याच प्रकारचा असतो.

द्रावणात मण्यांचा जन्म

एकसारखे मणी तयार करण्याची गुरुकिल्ली प्रथम वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, कणांवरील संशोधनातून हाती आली. वेर्नर श्टोबर, आर्थर फिंक आणि एर्न्स्ट बोन यांनी १९६८ मध्ये अल्कोहोल, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणात सिलिकाचे सुबक, एकसारखे गोल मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील जिआन लिऊ, शि झांग छिआव, गाओ छिंग लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, त्याच मिश्रणात सिलिकाच्या संयुगाऐवजी रेसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड वापरले, तर रेझिनाचे तसेच एकसारखे मणी मिळतात आणि ते तापविल्यावर कार्बनचे मणी होतात.

रेसॉर्सिनॉल हे फिनॉलचेच भावंड आहे. फिनॉलमध्ये बेंझीन-वलयावर एक हायड्रॉक्सिल गट असतो, तर रेसॉर्सिनॉलमध्ये दोन असतात. त्यामुळे वलय अधिक क्रियाशील बनते आणि खोलीच्या तापमानाच्या आसपासही विक्रिया चालू शकते. फॉर्माल्डिहाइडचा रेणू प्रथम वलयाला जोडला जातो. नंतर दोन वलयांमध्ये कार्बनचा पूल तयार होऊन पाण्याचा रेणू बाहेर पडतो. एका वलयावर असे पूल बांधण्यास तीन अनुकूल जागा असल्यामुळे साखळीऐवजी जाळे विणले जाते. अमोनिया या विक्रियेत उत्प्रेरकाचे काम करतो.

कृतीचे एक नमुना प्रमाण पुढीलप्रमाणे आहे. २० मिलिलिटर पाणी आणि ८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल यांच्या मिश्रणात ०.१ मिलिलिटर अमोनियाचे तीव्र द्रावण घालतात. त्यात ०.२ ग्रॅम रेसॉर्सिनॉल विरघळवितात व मग सुमारे ०.२८ मिलिलिटर फॉर्मालिन मिसळतात. यात रेसॉर्सिनॉलच्या एका रेणूमागे फॉर्माल्डिहाइडचे सुमारे दोन रेणू येतात. हे मिश्रण ३०° सेल्सिअसला २४ तास ढवळतात. नितळ द्रावण काही वेळाने दुधाळ होते. हीच मणी जन्मल्याची खूण होय. त्यानंतर ते बंद पात्रात १००° सेल्सिअसला आणखी २४ तास न ढवळता ठेवतात. या दुसऱ्या टप्प्यात जाळ्यातील राहिलेले आडवे बंध पुरे होतात आणि मणी पक्के बनतात. शेवटी मणी वेगळे करून, धुऊन वाळवितात.

या मिश्रणात सर्व मणी एकाच आकारमानाचे का होतात, हे समजण्यास कोलंबिया विद्यापीठातील व्हिक्टर लामेर व रॉबर्ट डिनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कलिलाबाबत मांडलेली कल्पना उपयोगी पडते. द्रावणात अविद्राव्य द्रव्य हळूहळू तयार होत जाते आणि द्रावण अतिसंपृक्त बनते. अतिसंपृक्तता एका मर्यादेपलीकडे गेली की असंख्य बीजकण एकदम जन्म घेतात. त्यांच्या जन्माबरोबर द्रावणातील द्रव्य खर्ची पडून अतिसंपृक्तता मर्यादेखाली उतरते आणि नवे बीजकण जन्मणे थांबते. यापुढे तयार होणारे द्रव्य आधीच्या बीजकणांवरच बसत जाते. एकाच दिवशी पेरलेल्या शेतातील पीक एकाच वेळी गुडघ्याला लागते, तसाच हा प्रकार आहे. पेरणी आठ दिवस लांबली तर शेतात रोपे उंचसखल दिसतात. त्याचप्रमाणे बीजकणांचा जन्म लांबत राहिला, तर मणी लहानमोठे होतात. म्हणून फॉर्मालिन मिसळण्याची रीत, ढवळण्याचा वेग व तापमान यांत सातत्य ठेवणे अत्यावश्यक असते.

जन्मलेले मणी वाढताना परस्परांना चिकटू नयेत, हीही दक्षता घ्यावी लागते. मण्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्‌भार असतो. समान भार एकमेकांना दूर सारतात व त्यामुळे मणी सुटे राहतात. द्रावणात क्षार मिसळले गेले, तर हे प्रतिसारण दुबळे होते आणि मणी झुपक्यांनी गोळा होतात. साध्या नळाच्या पाण्याऐवजी क्षाररहित पाणी वापरण्याचे कारण हेच होय. अल्कोहोल व पाणी यांचे परस्परप्रमाण, अमोनियाची मात्रा, तापमान आणि कच्च्या द्रव्याची संहती यांत बदल करून मण्यांचा व्यास सुमारे २०० ते १,००० नॅनोमीटर या पल्ल्यात हवा तसा ठेवता येतो.

भट्टीतील प्रवास

वाळविलेले मणी चिनी मातीच्या नावेसारख्या पात्रात पसरून नळीच्या भट्टीत ठेवतात व नळीतून नायट्रोजन किंवा आर्गॉन वायू वाहता ठेवतात. हवा शिरली तर कार्बन जळून जाईल. तापमान वाढविण्याचा वेग सामान्यतः मिनिटास एक अंश एवढा मंद ठेवतात. या हिशेबाने ३०° पासून ६००° पर्यंत पोहोचण्यासच साडेनऊ तास लागतात.

सुमारे ३००° पर्यंत मण्यात अडकलेले पाणी, अल्कोहोल आणि विक्रियेत न आलेले रेणू निघून जातात. ३००° ते ६००° या टप्प्यात खरी उलथापालथ होते. वलयांना जोडणारे पूल तुटतात. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन आणि फिनॉलजातीची द्रव्ये बाफेच्या रूपाने बाहेर पडतात. वजनातील घट व मण्याचे आकुंचन मुख्यतः याच टप्प्यात होते. त्यापुढे प्रामुख्याने हायड्रोजन निघतो आणि वलये शेजारच्या वलयांना जोडली जाऊन कार्बनचे आखूड पापुद्रे तयार होतात. सुमारे ७००° नंतर हा पदार्थ वीज वाहून नेऊ लागतो. मूळ रेझीन विजेचे रोधक असते आणि त्यापासून झालेला कार्बन विजेचा वाहक असतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बाहेर पडणाऱ्या वायूंना वाट मिळाली नाही तर पदार्थ तडकतो. रेझिनाच्या जाड वडीचा कार्बन करावयाचा असेल, तर अतिशय मंद गतीने तापवावे लागते, कारण गाभ्यातील वायूला पृष्ठभागापर्यंत येण्यास वेळ लागतो. अर्ध्या मायक्रोमीटर व्यासाच्या मण्यात गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर नगण्य असते. म्हणून लहान मणी भट्टीतून अखंड बाहेर येतात. त्यांना खरा धोका शेजाऱ्याला चिकटण्याचा असतो. आडवे बंध पुरे झालेले नसतील, तर तापताना मण्याचा पृष्ठभाग क्षणभर मऊ पडतो आणि स्पर्श करणाऱ्या दोन मण्यांमध्ये मान तयार होते. १००° सेल्सिअसच्या टप्प्यावर खर्च केलेले २४ तास येथे कामी येतात.

आकुंचनाचे गणित

मणी किती आकसला यावरून त्याच्या अंतरंगाविषयी पुष्कळ काही कळते. उदाहरणादाखल, रेझिनाच्या मण्याचा व्यास ६०० नॅनोमीटर होता, कार्बनच्या मण्याचा व्यास ५०० नॅनोमीटर भरला आणि वजन निम्मे उरले, असे धरू.

व्यासांचे गुणोत्तर ५ : ६ आहे. म्हणून घनफळांचे गुणोत्तर १२५ : २१६, म्हणजे ०.५८ येते. वजनाचे गुणोत्तर ०.५० आहे. यावरून मण्याची भासमान घनता मूळच्या ०.५० ÷ ०.५८, म्हणजे सुमारे ०.८६ पट झाली. वास्तविक कार्बनचे पापुद्रे रेझिनापेक्षा घन असतात. तरीही मणी हलका झाला, याचा अर्थ त्याच्या अंगात पोकळ्या निर्माण झाल्या. या सूक्ष्मरंध्रांमुळे एक ग्रॅम कार्बनचे अंतर्गत पृष्ठफळ कित्येक शे चौरस मीटर भरते. त्यानंतर ८००° ते ९००° सेल्सिअसला वाफ किंवा कार्बन डाय-ऑक्साइड सोडला, तर रंध्रांच्या भिंती काही प्रमाणात झिजतात व पृष्ठफळ १,००० चौरस मीटरच्याही पलीकडे नेता येते. या क्रियेस सक्रियन असे म्हणतात.

याच उदाहरणातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. सर्व मणी सारख्याच प्रमाणात आकसतात. रेझिनाच्या मण्यांत ५ टक्के विचलन असेल, तर कार्बनच्या मण्यांतही ते सुमारे ५ टक्केच राहते. भट्टीमुळे आकारमान बदलते. परंतु लहानमोठेपणा नाहीसा होत नाही. द्रावणात राहून गेलेली चूक भट्टीत दुरुस्त होत नाही, हे या विषयाचे मुख्य सूत्र होय.

मोठे मणी आणि साच्यातील मणी

वर वर्णिलेली पद्धत अतिसूक्ष्म मण्यांसाठी आहे. मिलिमीटरच्या अंशाएवढे मोठे मणी हवे असतील, तर रेझिनाचे द्रव पूर्वद्रव्य त्याच्याशी न मिसळणाऱ्या द्रवात ढवळून त्याचे थेंब करतात व ते थेंब तापवून घट्ट करतात. पाणी मृदू करण्याच्या यंत्रांत वापरले जाणारे आयन-विनिमयाचे मणी याच तत्त्वावर तयार होतात. ते बहुधा आडव्या बंधांनी जोडलेल्या पॉलिस्टायरिनचे असतात. निव्वळ पॉलिस्टायरिन तापविले तर त्याचे बहुतांशी मूळ रेणूंत विघटन होऊन ते उडून जाते. त्याला सल्फोनिक गट जोडलेले असले, तर तापताना नवे आडवे बंध निर्माण होतात आणि मणी गोल राहून त्याचा कार्बन होतो. एकच बहुवारिक रासायनिक संस्काराने कसे निराळे वागते, याचा हा उत्तम नमुना आहे.

तिसरी युक्ती साच्याची आहे. एडिंबरो विद्यापीठातील जॉन नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ती विकसित केली. त्यांनी काही मायक्रोमीटर व्यासाचे सच्छिद्र सिलिकाचे गोल घेतले, त्यांच्या छिद्रांत फिनॉलजातीचे रेझीन मुरविले व त्याचा नायट्रोजन वायूत कार्बन केला. मग तीव्र अल्कलीने सिलिका विरघळवून टाकली व उरलेला कार्बन २,०००° सेल्सिअसपेक्षा अधिक तापविला. देवाची मूर्ती ओतताना मेण वितळून जाते व धातू उरतो. येथे साचा विरघळून जातो व कार्बन उरतो. मण्याचा बाहेरचा आकार आणि आतील छिद्रे ही दोन्ही सिलिकाच्या गोलाने आधीच ठरवून दिलेली असतात.

उपयोग

नॉक्स यांच्या कार्बनमण्यांचा उपयोग द्रव वर्णलेखनात होतो. औषधे किंवा रसायने यांचे मिश्रण मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडले असता त्यांतील घटक निरनिराळ्या वेगाने पुढे सरकतात व वेगळे होतात. मणी लहानमोठे असतील तर द्रवाला काही ठिकाणी मोकळी वाट मिळते, काही ठिकाणी तो अडतो आणि वेगळे झालेले घटक पुन्हा एकमेकांत मिसळतात. सिलिकाचे मणी तीव्र अल्कलीत विरघळतात. कार्बनचे मणी अल्कली आणि अम्ल या दोहोंत टिकतात.

वैद्यकातील अनुभव तर अधिक बोलका आहे. १९६४ मध्ये ग्रीसमधील वैद्य यात्झिदिस यांनी मूत्रपिंडाच्या विकारात व विषबाधेत रुग्णाचे रक्त सक्रिय कोळशावरून वाहू देऊन शुद्ध करण्याची पद्धत मांडली. कोळसा विषारी द्रव्ये शोषून घेत असे, यात शंका नव्हती. परंतु सामान्य कोळशाचे दाणे खडबडीत व कोनाकोनांचे असतात. त्यांची टोके झिजून बारीक भुकटी रक्ताबरोबर शरीरात जाण्याचा धोका असे आणि रक्तातील बिंबिकाही दाण्यांना चिकटून नष्ट होत. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील टॉमस चँग यांनी दाण्यांवर बहुवारिकाचे पातळ कवच चढवून या अडचणीवर उपाय काढला. पुढे रेझिनापासून केलेल्या गुळगुळीत व कठीण कार्बनमण्यांचा विचार झाला, त्यामागे हाच अनुभव होता. ज्या ठिकाणी एक निसटलेला कण रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, त्या ठिकाणी मण्याचा गोलपणा व कणखरपणा ही शोभेची बाब राहत नाही.

विद्युत् घटांमध्येही कठीण कार्बनला महत्त्व आले आहे. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत सहज शिरतात. सोडियमचे तसे शिरत नाहीत. अस्ताव्यस्त पापुद्र्यांच्या कठीण कार्बनमध्ये मात्र सोडियमला जागा मिळते. कॅनडातील डलहौसी विद्यापीठातील स्टीव्हन्स व डॅन यांनी २००० मध्ये ग्लुकोजपासून केलेल्या कठीण कार्बनच्या साहाय्याने हे दाखवून दिले. सोडियम मिठाएवढे सुलभ असल्यामुळे या घटांकडे अनेक देशांचे लक्ष आहे. गोल मण्याचे बाह्य पृष्ठफळ त्याच्या घनफळाच्या मानाने सर्वांत कमी असते. त्यामुळे पहिल्या भारणाच्या वेळी पृष्ठभागावर वाया जाणारा विद्युत्‌भार कमी करण्यास गोल आकाराचा हातभार लागतो.

दोष आणि त्यांची कारणे

अभ्यासकाने हाती आलेली पूड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दोषाचे मूळ शोधावयास शिकले पाहिजे. मणी दोन स्पष्ट गटांत, लहान व मोठे असे, दिसत असतील, तर बीजकणांचा जन्म दोनदा झाला असे समजावे. बहुधा फॉर्मालिन एकदम न मिसळता थांबून थांबून मिसळले गेलेले असते. मणी गोल पण झुपक्यांनी असतील, तर द्रावणात क्षार आले असावेत किंवा वाळविताना मणी एकमेकांवर घट्ट बसले असावेत. दोन मण्यांमध्ये मान दिसत असेल, तर रेझीन पुरते पक्के होण्यापूर्वीच भट्टीत गेले. मणी पिचलेले असतील, तर तापमान फार वेगाने वाढविले गेले. पृष्ठभाग खरबरीत होऊन वजन अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले, तर भट्टीच्या नळीत हवा शिरली. या पाच दोषांपैकी दोनच निखालस भट्टीचे आहेत. बाकीच्यांची मुळे भट्टीच्या आधीच्या पायऱ्यांत आहेत.

दक्षता

फॉर्माल्डिहाइड हे डोळे व श्वसनमार्ग यांस झोंबणारे द्रव्य आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार ते मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत मोडते. म्हणून ही कृती वायुवीजन असलेल्या कपाटातच, हातमोजे व चष्मा घालून आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. शालेय प्रयोगशाळेत ती करू नये. भट्टीतून निघणाऱ्या वायूंत विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने नळीचे तोंड बाहेर काढलेले असावे. भट्टी पूर्ण निवल्याखेरीज उघडू नये, कारण तप्त कार्बनला हवा लागताच तो पेट घेतो. तयार पूड इतकी बारीक असते की ती श्वासावाटे सहज फुप्फुसात जाते. ती उडणार नाही अशा बेताने हाताळावी.

समारोप

वर दिलेल्या नमुना प्रमाणात सुमारे २८ मिलिलिटर द्रावण, दोन दिवसांची विक्रिया आणि एक दिवसाची भट्टी एवढा खटाटोप केल्यावर हाती येणारा कार्बन ०.१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सोनाराच्या मापाने जेमतेम एक गुंजभर असतो. प्रयोगशाळेत हे चालते. कारखान्यासाठी मात्र मोठ्या पात्रात सर्वत्र एकाच क्षणी बीजकण जन्मतील असे मिश्रण साधणे, अल्कोहोल परत मिळवून पुन्हा वापरणे आणि सांडपाण्यातील फॉर्माल्डिहाइड निकामी करणे, हे प्रश्न सोडवावे लागतात. काजळी आजही टनांनी तयार होते आणि एकसारखे मणी गुंजांनी, यातील अंतर या प्रश्नांमुळेच आहे.

तथापि या अभ्यासातून मिळणारा धडा साधा आहे. कार्बनच्या मण्याचा आकार अग्नी ठरवीत नाही. तो थंड द्रावणात, दुधाळपणा येण्याच्या त्या थोड्या वेळात ठरतो. पुढील प्रत्येक पायरीचे काम तो सांभाळण्याचे आहे. ज्याने द्रावण नीट केले, त्याच्या बाजूने भट्टी उभी राहते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साखरेच्या दाण्यांपासून त्यांच्याच आकाराचे कार्बनकण साध्या तापविण्याने का मिळत नाहीत?
२. रेझिनाच्या मण्याचा व्यास ५०० नॅनोमीटर असून कार्बनीकरणानंतर तो ४०० नॅनोमीटर झाला. वजन ४८ टक्के उरले. मण्याची भासमान घनता मूळच्या किती पट झाली?
३. मण्यांच्या व्यासातील विचलन भट्टीत कमी का होत नाही, ते उदाहरणाने स्पष्ट करा.
४. निव्वळ पॉलिस्टायरिन आणि सल्फोनिक गट जोडलेले पॉलिस्टायरिन तापविल्यावर निरनिराळे का वागतात?
५. सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांमध्ये मान दिसली, तर पुढील वेळी कृतीत कोणता बदल कराल?